फोन माझा, पण त्यात काय टाकायचं हे कंपनी ठरवणार?

भैरवगडी

गेली आठ-नऊ वर्षं डोंगरात फिरताना माझ्या फोनवर एकच नकाशा असतो, ओएसएमअँड. रेंज नसली तरी चालतो, ढोरवाटासुद्धा दाखवतो. हा मी प्ले स्टोअरवरून घेतलेला नाही. एफ-ड्रॉइड नावाचं मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार आहे, तिथून घेतलाय. तिथे तो पूर्ण मिळतो आणि फुकट मिळतो. प्ले स्टोअरवर त्यातल्याच काही सोयींना पैसे पडतात.

आता मुद्द्याकडे येतो. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की गूगलच्या सेवा आधीपासून असलेल्या अँड्रॉइड फोनवर (म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातल्या जवळपास सगळ्याच) यापुढे फक्त 'ओळख पटवलेल्या' डेव्हलपरची ॲप्स बसतील. प्ले स्टोअरवरून घ्या, दुसऱ्या दुकानातून घ्या, नाहीतर मित्रानं पाठवलेली एपीके (दुकानाशिवाय थेट ॲप बसवायची) फाईल असू द्या. ती बनवणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन नंबर गूगलकडे नोंदवलेला पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात, २०२७ पासून हळूहळू बाकीच्या जगात. म्हणजे आपल्याकडेही.

एफ-ड्रॉइडवाले म्हणतात, असं झालं तर आम्हाला गाशा गुंडाळावा लागेल. ते ॲपचा मूळ कोड घेऊन स्वतः बांधतात आणि बहुतेक वेळा स्वतःच्या डिजिटल सहीनं देतात. कोड लिहिणारे जगभरातले हौशी लोक, कितीतरी जण टोपणनावानं लिहिणारे. त्यांना 'आधी गूगलकडे जाऊन ओळखपत्र दाखवा' असं हे कसं सांगणार? आणि दुसऱ्याचं ॲप स्वतःच्या नावावर तरी कसं चढवणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलनं थोडं नमतं घेतलं. जाणत्या वापरकर्त्यांसाठी इशारे ओलांडून पुढे जायची वेगळी वाट ठेवू, विद्यार्थी आणि हौशी मंडळींना मर्यादित खातं देऊ, असं म्हणाले. ती वाट किती रुंद ठेवायची हे अर्थात तेच ठरवणार.

मुंबई-पुण्याच्या लोकांना कन्व्हेयन्सचं दुखणं वेगळं सांगायला नको. फ्लॅटचे हप्ते फिटतात, वीस वर्षं मेंटेनन्स भरून होतो आणि एक दिवस कळतं की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. फोनचं नेमकं तेच झालंय. बावीस हजार मोजून घरी आणलेल्या वस्तूत काय ठेवायचं, यासाठी विकणाऱ्याची परवानगी लागणार असेल तर मी नेमकं काय विकत घेतलं?

आगलाव्या

आयफोन घ्या, प्रश्नच मिटला. तिथे पहिल्या दिवसापासून कुलूप आहे आणि लोक रांगा लावून ते कुलूप विकत घेतात. (पळतो आता.)

सदाफुली

भैरवगडी, तुमचा नकाशा पाहिलेला नाही, चांगलाच असेल. मी माझ्या बाबांबद्दल लिहिते.

बाबा ७१ वर्षांचे, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. डोकं अजून तल्लख आहे. फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, त्यांना एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून निरोप आला, 'सहकुटुंब यायचं हं' आणि खाली एक फाईल. नावात लग्नपत्रिका, शेपटाला एपीके. त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या हातात गेला होता हे नंतर कळलं. बाबांनी फाईल दाबली. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, टाकायचं का? बाबा म्हणाले, हो. मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. त्यांना वाटलं फोन जुना झालाय.

रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान चार व्यवहारांत २ लाख ८६ हजार गेले. सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यातले ४१ हजार तेवढे वाटेत अडले. बाकीचे गेले ते गेले.

पैशाचं एक वेळ सोडा. बाबा सकाळी कट्ट्यावर चहाला जायचे, ते बंद झालं. 'सगळ्यांना कळलंय, मास्तर फसले म्हणून.' कुणाचा फोन वाजला तरी दचकतात.

त्या ॲपच्या मागे कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. गूगल एवढंच म्हणतंय की ॲप बनवणाऱ्यानं नाव सांगावं. तुमचा नकाशा कुणी बंद करत नाहीये. नाव सांगण्यात एवढं काय आहे?

खुंटाहलव्या

सदाफुली, वाचून वाईट वाटलं. बाबांना नमस्कार सांगा. तरीही खुंटा हलवून बघतो, राग मानू नका.

सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं. कुरिअरवाला लिहितो, पाहुणे लिहितात. चोर लिहितो का? आणि लिहिलंच तर स्वतःचं नाव लिहितो का? आपल्याकडे पाच-दहा हजारांत आपलं बँक खातं वापरायला देणारी माणसं चोरांना मिळतात, तुमच्या बाबांचे पैसे अशाच कुणाच्या तरी खात्यातून फिरले असणार. त्या खात्यांचं केवायसी झालेलंच असतं की. जो भाड्यानं खातं मिळवतो तो भाड्यानं डेव्हलपरही मिळवेल.

दुसरं म्हणजे, अधिकृत दुकान तरी किती सोवळं? कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी फोटो मॉर्फ करून, नातेवाइकांना फोन करून लोकांना कसं छळलं ते आठवा. ती ॲप्स कुठल्या अंधाऱ्या गल्लीतून आली नव्हती, बरीचशी प्ले स्टोअरवरच होती. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलनं अशी अडीच हजारांहून जास्त कर्ज-ॲप्स काढली किंवा थांबवली, ही माहिती सरकारनंच लोकसभेत दिली आहे. काढली याचा अर्थ आधी आत घेतली होती.

गूगल म्हणतं, इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या पन्नास पटींहून जास्त मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडतं. असेलही. पण शेजारच्या दुकानातल्या भेसळीचा आकडा जर या दुकानदारानंच मोजला असेल, तर मी तो चिमटीत धरूनच घेतो.

रात्रपाळी

मी याच धंद्यात आहे. एका वित्तसंस्थेच्या फसवणूक-नियंत्रणात रात्री स्क्रीनसमोर बसतो (नाव विचारू नका). वरच्या दोन्ही प्रतिसादांत काही गोष्टी सुटल्यात.

'आरटीओ चलान', 'पीएम किसान', 'लग्नपत्रिका', 'केवायसी अपडेट' हे सगळे एकाच माळेचे मणी. ॲप आत गेलं की त्याला दोन-तीनच गोष्टी हव्या असतात. एक, येणारे मेसेज वाचायची मुभा, म्हणजे ओटीपी थेट चोराकडे. दोन, नोटिफिकेशन बघायची मुभा. तीन, ॲक्सेसिबिलिटी. ही सोय दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी केलेली आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं.

गूगलनं २०२४ मध्ये आधी सिंगापुरात आणि मग भारतात एक प्रयोग सुरू केला. ब्राउझरमधून किंवा मेसेजमधून आलेलं ॲप या परवानग्या मागत असेल तर ते बसवतानाच अडवायचं. आम्हाला रात्री जे दिसतं त्यावरून सांगतो, अशा आडकाठीचा उपयोग होतो. सगळं थांबत नाही, पण चोराचा वेळ खर्ची पडतो, आणि वेळ हाच त्याचा पैसा.

ओळख नोंदवण्याचाही तोच उपयोग. आज एक बनावट ॲप पकडलं की दुपारी तेच ॲप नवं नाव, नवी सही घेऊन परत हजर. दर वेळी नवा माणूस भाड्यानं आणून नोंदवायचा म्हटलं तर परवडणार नाही. खुंटाहलव्या म्हणतात तसे भाड्यानं डेव्हलपर मिळतील, पण ते रोज डझनावारी मिळणार नाहीत. रजिस्टरनं चोरी बंद होत नाही, पण एकच चोर रोज सकाळी नवं नाव सांगून आत येऊ शकत नाही.

भैरवगडी

सदाफुली, तुमच्या बाबांची गोष्ट वाचल्यावर माझा कन्व्हेयन्सचा दाखला जरा उथळ वाटायला लागला, खरं सांगतो. पण रात्रपाळींनीच माझं काम सोपं केलंय. त्यांनी वर्णन केलेली आडकाठी परवानगीवर आहे. मेसेज वाचायला मागणारं अनोळखी ॲप अडवा, माझी काही तक्रार नाही. माझ्या नकाशाला मेसेज कशाला लागतात? मग चोरीचा रस्ता जर तीन परवानग्यांमधून जातो, तर नाकाबंदी त्या तीन ठिकाणी करा. सगळ्या जिल्ह्याच्या सीमा कशाला बंद करता?

'नाव सांगण्यात काय आहे' याचं उत्तर वेगळं देतो. नाव सांगितलं की त्या नावावर काट मारायचा अधिकारही त्याच माणसाकडे जातो. ऑरगॅनिक मॅप्स म्हणून दुसरा एक नकाशा आहे, आमच्या ग्रुपात निम्म्या जणांकडे तोच. त्याचे कर्ते उघड नावानं काम करतात, कोड सगळ्यांसमोर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तो प्ले स्टोअरवरून अचानक उडाला. कारण काय, तर मुलांच्या ॲपसाठीच्या नियमात बसत नाही. नकाशा! नंतर परत आला, पण त्या मधल्या दिवसांत ज्यांना हवा होता त्यांनी तो कुठून घेतला? एफ-ड्रॉइडवरून. दुसरं दार उघडं होतं म्हणून.

डिस्प्लेवाला

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तेरा वर्षं झाली. बोलायला फार येत नाही, पण रोज तीस-चाळीस फोन हातात येतात म्हणून लिहितो.

'फोन हँग मारतोय' म्हणून म्हातारी माणसं येतात. उघडून बघावं तर पाच क्लीनर, दोन बॅटरी डॉक्टर, एक टॉर्च (फोनला टॉर्च असताना!), आणि दर दोन मिनिटाला पडदाभर जाहिरात. ही सगळी अधिकृत दुकानातनं आलेली. एपीकेनं आलेला गाळ मला दहात एखाद्या फोनमधी दिसतो.

आता पाप कबूल करतो. पूर्वी मीच पेनड्राइव्हवरून पिक्चरची, गाण्यांची ॲप्स टाकून द्यायचो, दहा रुपये घ्यायचो. तवा नेट महाग होतं. आता 'भाऊ ते फुकट पिक्चरचं टाकून द्या' म्हणालं गिऱ्हाईक तर हात जोडतो. दोन जणांचे पैसे गेलेले डोळ्यासमोर बघितलेत.

माझं दुखणं वेगळंच हाय. सहा-सात हजाराचा नवा फोन घ्या. चालू करायच्या आधीच त्यात वीस-पंचवीस ॲप्स कोंबलेली. गेम, शॉपिंग, कंपनीचं स्वतःचं ब्राउझर, स्वतःचं दुकान. काही काढता येतात, काही निस्ती 'बंद' करता येतात. गिऱ्हाईक म्हणतं, ३२ जीबीचा फोन घेतला आन निम्मा आधीच भरलेला. मी काय टाकू नये ते कंपनी सांगते, ठीक. पण मी काय काढू नये तेबी कंपनीच सांगते. त्याच्यावर कोण बोलतंय का?

खुंटाहलव्या

डिस्प्लेवाले भाऊ, बोलून झालंय, आणि तेही सरकारी कागदावर. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. त्या आदेशात नुसता दंड नव्हता. आधीपासून कोंबलेली गूगलची ॲप्स लोकांना काढून टाकू द्या, अशी एक सूचना होती. आणि ॲप्स बाहेरून थेट द्यायला डेव्हलपरना अडवू नका, अशी दुसरी. प्रकरण अपील न्यायाधिकरणात गेलं. एनसीएलएटीनं मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण आदेशातल्या चार सूचना रद्द केल्या. त्या चारांत या दोन्ही होत्या.

म्हणजे आज आपण इथे ज्या दोन गोष्टींवर भांडतोय त्या दोन्ही काही महिने कागदावर आपल्या बाजूनं होत्या, आणि त्या जाताना फारसं कुणी हळहळलं नाही. वर्तमानपत्रांना दंडाच्या आकड्यात रस होता.

पैशाचाही विचार करा. दुकानातून डिजिटल वस्तू विकली तर ठरलेला दर वर्षानुवर्षं ३० टक्के, छोट्यांना १५. मार्च २०२४ मध्ये याच फीच्या वादातून गूगलनं भारत मॅट्रिमोनी, नोकरी, कुकू एफएम यांच्यासारखी ॲप्स प्ले स्टोअरवरून उतरवली होती. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती परत लागली. नोकरी आणि लग्न, दोन्ही एकाच कंपनीच्या फळीवर. (भैरवगडी यांचा नकाशा त्यामानानं किरकोळ.) ज्याच्या हातात दार असतं तो सुरक्षेचं बोलता बोलता गल्ल्याकडेही बघतच असतो.

सदाफुली

गल्ला आहे हे मान्य. बँकाही गल्ल्यासाठीच असतात, म्हणून आपण पैसे गादीखाली ठेवत नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. इथे लिहिणाऱ्यांपैकी डिस्प्लेवाले सोडले तर सगळे 'मी' म्हणून लिहितायत. माझा नकाशा, माझी वस्तू. बाबांसारखी माणसं असे धागे वाचत नाहीत. परवानग्या, सही, कोड यातलं त्यांना काही माहीत नाही, आणि का असावं? ते फोन वापरतात ते गॅसच्या शेगडीसारखा. रेग्युलेटर आयएसआय छापाचा असतो, ती निवड आपण प्रत्येकाच्या अकलेवर सोडत नाही.

आगलाव्या

परत आलो. गॅसच्या रेग्युलेटरचा छाप सरकारमान्य संस्था देते हो, शेगडी विकणारा नाही. इथे विकणाराच छाप मारतोय. आता भांडा.

नेकारकाठी

जर्मनीतून लिहितेय, श्टुटगार्टजवळून. आमच्याकडे हा प्रयोग प्रत्यक्ष झालाय म्हणून सांगते.

युरोपियन युनियनच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे ॲपलला मार्च २०२४ मध्ये आयफोनवर दुसऱ्या दुकानांना जागा द्यावी लागली, आयओएस १७.४ पासून. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हापासून जे कधी झालं नव्हतं ते झालं. ॲपलनं खूप सांगितलं की आता पोर्नोग्राफी येईल, व्हायरस येतील, लोक लुटले जातील.

मी हौसेनं ऑल्टस्टोअर नावाचं असं एक दुकान टाकलं. टाकताना चार-पाच पडदे आले, प्रत्येकावर असा मजकूर की जणू मी किडनी विकतेय. ऑगस्ट २०२४ मध्ये एपिक या गेम कंपनीचंही दुकान आलं आणि चार वर्षं गायब असलेला तिचा फोर्टनाइट गेम परत आला. माझा मुलगा त्या दिवशी पळत घरी आला होता.

त्यानंतर काय झालं? खरं सांगू, काही नाही. ऑफिसात विचारलं तर बहुतेकांना दुसरी दुकानं आहेत हेच माहीत नव्हतं. कुणी लुटलं गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि कुणाचं आयुष्य बदलल्याचंही नाही. बाहेरच्या दुकानातलं ॲपसुद्धा आधी ॲपलच्या तपासणीतून जातंच, त्याला ते नोटरायझेशन म्हणतात. शिवाय दहा लाखांवर इन्स्टॉल गेले की दर इन्स्टॉलमागे वर्षाला अर्धा युरो, असा एक आकार त्यांनी सुरुवातीलाच लावला. कायद्यानं दार उघडायला लावलं, तर त्यांनी दारात टोलनाका बसवला. हे आपल्याला मुंबई-पुणे रस्त्यावरून कळायला हवं.

मी स्वतः कुठल्या बाजूची? आईच्या फोनला कुलूप, माझ्या फोनला नको. याला ढोंग म्हणायचं असेल तर म्हणा.

खुंटाहलव्या

ढोंग नाही, खरा प्रश्न हाच आहे. आईच्या फोनचं कुलूप तुमच्या हातात आहे. गूगलनं आणलेलं कुलूप गूगलच्या हातात राहील, आणि गूगलला दम देऊ शकणाऱ्यांच्याही.

हाँगकाँगमध्ये २०१९ साली आंदोलन चालू असताना पोलीस कुठे आहेत हे दाखवणारं नकाशाचं ॲप ॲपलनं उतरवलं. रशियात सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीच्या तोंडावर विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं मतदानाचं ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही उतरवलं. दोन्ही ठिकाणी सरकारी दबाव होता. गेटवर एकच वॉचमन असला की दम कुणाला द्यायचा हे शोधावं लागत नाही.

लांब कशाला, आपल्याकडचंच घ्या. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं आदेश काढला की प्रत्येक नव्या फोनवर सरकारचं संचार साथी ॲप आधीपासून बसवलेलं हवं आणि त्याची कार्यं बंद करता येता कामा नयेत. ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. या वेळी मागे घेतली.

सदाफुली

आणि २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली तेव्हा? टिकटॉक ज्यांच्या फोनमध्ये आधीच होतं त्यांचंही दोन दिवसांत चालेनासं झालं. बाहेरून एपीके आणून टाकलं तरी काय उपयोग होता? सरकारला करायचं असेल तर ते दुकानाशिवायही करतं. तुमच्या दुसऱ्या दारानं तिथे कुणाला वाचवलं नाही.

खुंटाहलव्या

टिकटॉकचं बरोबर आहे. त्याचा सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, तो नळ बंद केला की संपलं. नकाशा किंवा वही यांच्यासारखं, फोनमध्येच चालणारं ॲप असेल तर दुसरं दार कामाला येतं. एवढ्यापुरता मी मुद्दा लहान करून घेतो.

फॅट_एसएनएफ

कालपासून वाचतोय, आज राहवलं नाही. मी 'ओळख न पटलेला डेव्हलपर' आहे. बघून घ्या, असा असतो.

कॉमर्स केलंय, प्रोग्रॅमिंग यूट्यूबवर शिकलो. आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) आणि लिटर टाकलं की त्या दिवसाच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे किती ते सांगणारं छोटं ॲप बनवलं. आधी केंद्रावरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते निम्म्या लोकांना कळायचं नाही, आता बायका घरी बसून ताडून बघतात. आसपासच्या तीन गावांत मिळून दीडेकशे लोक वापरतात. फाईल ग्रुपवर टाकतो. ॲप परवानगी एकही मागत नाही. नेटसुद्धा नाही.

प्ले स्टोअरवर का नाही टाकलं? पंचवीस डॉलर एकदा भरायचे, ते ठीक. पण नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बारा टेस्टर सलग चौदा दिवस दाखवावे लागतात. दर वर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप अद्ययावत करत राहायचं, नाहीतर नव्या फोनवाल्यांना ते दुकानात दिसणं बंद. म्हशी माझ्याही आहेत, वेळ कुठून आणू? आणि दरपत्रक बदललं की त्याच दिवशी पहाटे नवी फाईल द्यावी लागते.

सदाफुलीताई, तुमच्या बाबांना फसवणारी फाईल आणि माझी फाईल बाहेरून अगदी सारख्या दिसतात, हे मला मान्य आहे. नाव नोंदवायलाही माझी ना नाही. विद्यार्थी-हौशी लोकांचं ते खातं आलं तर घेईनही. माझी भीती दुसरी आहे. उद्या माझ्या नोंदणीत काही खुट्ट झालं तर विचारायचं कुणाला? केंद्रावर दरात घोळ झाला तर मी चेअरमनच्या दारात जाऊन बसू शकतो. तिथे फक्त फॉर्म असतो आणि फॉर्मला उत्तर येतं ते मशीननं लिहिलेलं.

रात्रपाळी

फॅट_एसएनएफ, तुमच्यासारखी माणसं आमच्या यादीत कधी येत नाहीत, कारण तुमचं ॲप परवानगीच मागत नाही. म्हणून भैरवगडींचा नाकाबंदीचा मुद्दा मी अर्धा मानतो. अर्धाच, कारण चोर बदलतात. मेसेजची परवानगी अडवली तर ते लोकांना फोनवर बोलत ठेवून स्क्रीन शेअर करायला लावतात. 'आता सेटिंगमध्ये जा, आता हे दाबा.' इशाऱ्याचे सात पडदे ठेवा, चोर सातही पडदे पार करून देतो, आवाज गोड असतो. जाणत्यांसाठी ठेवलेल्या वाटेवरून सगळ्यात आधी कोण जाणार, तर ज्याच्या कानाशी चोर आहे तो.

भैरवगडी, याला तुमच्याकडे उत्तर आहे का? टोमणा नाही, मला खरंच हवंय.

भैरवगडी

नाही. दोन दिवस विचार करतोय.

एवढंच सुचतं की कुलूप फोनमध्येच असावं आणि चावी घरातल्या माणसाकडे. सॅमसंगच्या नव्या फोनवर ऑटो ब्लॉकर असतो, तो चालू असला की बाहेरचं ॲप बसत नाही. तो बंद करायला मुलीच्या फोनवर विचारणा गेली पाहिजे, असं काहीतरी. पण सगळ्यांना मुली नसतात, आणि असल्या तरी सगळ्याच सदाफुलीसारख्या नसतात.

सदाफुली

काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. आगलाव्यांसकट. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितेय:

'मी फसलो तो अज्ञानानं नाही. एपीके म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण फोननं विचारलेला प्रश्न मला कळला होता. मी घाईत हो म्हटलं. संध्याकाळी हिला दवाखान्यात न्यायचं होतं. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, उत्तर लिहायच्या आधी प्रश्न दोनदा वाचा. मुलीनं माझ्या फोनची चावी ठेवावी हे मला रुचत नाही. अमेरिकेतल्या कंपनीनं ठेवावी हेही नाही. फोननं एवढंच म्हणावं, की हे आता होणार नाही, उद्या याच वेळी परत विचारा. सकाळी त्या गृहस्थांना फोन करून 'लग्न कुणाचं?' एवढं विचारलं असतं तरी काम झालं असतं. त्यांच्या घरी लग्नाचं कुणी उरलंच नाहीये.'

रात्रपाळी

काकांना माझा नमस्कार. चोर चोवीस तास कुणाला फोनवर धरून ठेवू शकत नाही. (डिजिटल अरेस्टवाले ठेवतात, पण तो वेगळा धागा.) मी हे आमच्या ऑफिसात बोलणार आहे.

भैरवगडी

एक दिवस थांबायला माझी हरकत नाही. ट्रेक काही तासाभरात ठरत नाही.

फॅट_एसएनएफ

काका, चोवीस तास? दुधाचा दर पहाटे चारला बदलतो आणि दूध सहाला येतं. उद्याची फाईल परवा बसली तर लोक केंद्रावर मला धरतील.

सदाफुली

बाबा हसतायत. म्हणाले, त्या मुलाला विचार, म्हशीच्या दुधाला फॅट किती लागतंय सध्या.